पलीकडची उतरण

सुट्ट्यांचा हंगाम सुरू होऊन बरेच दिवस झाले, तरी गावाच्या पायऱ्यांना अजून परकं पाऊल लागलं नव्हतं. आणि वर डोंगरमाथ्यावर बघावं तर माणसांची ही रीघ. गावातून मान वर केली की गुहेच्या तोंडाशी रंगीबेरंगी कपडे हलताना दिसत, वारा खाली वळला की पोरांचा कालवासुद्धा कानावर येई. गुहा तीच, डोंगर तोच, बघायला येणारी माणसं तर पूर्वीच्या दुप्पट. फक्त त्यांची यायची वाट बदलली होती, आणि तेवढ्यानं गावाचं कंबरडं मोडलं होतं.

पुढारी दाराशी बसून डोलीच्या दोरांना तेल चोळत होता. आता पुढारी म्हणजे कुणी निवडणूक लढवणारा नव्हे. त्या माणसानं जन्मात कधी भाषण ठोकलं नाही, चारचौघांत बोलायची वेळ आली तर घसा खाकरण्यातच त्याचा वेळ जाई. डोली वाहताना तो पुढे असतो म्हणून पुढारी. गावातले टवाळ म्हणायचे, दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेणारा पुढारी बघायचा असेल तर आमच्याकडे या.

डोली म्हणजे एक लांब दांडा, त्याला दोरांनी टांगलेली वेताची खुर्ची, आणि पुढे-मागे एकेक माणूस. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत अशी म्हातारी माणसं, दिवस गेलेल्या बाया, एखादा गलेलठ्ठ शेठ, असे लोक त्यात बसायचे. पुढारी पुढे आणि त्याचा धाकटा भाऊ मागे. मागच्याला खुर्चीच्या आडून वाट दिसत नाही, म्हणून पुढचा सांगत जातो, मागचा हुंकार देत जातो. सगळं तरुणपण दोघांनी असंच घालवलं होतं. भावाचं तोंड कमी बघायचं आणि आवाज जास्त ऐकायचा, असं ते भाऊपण.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मोठं हॉटेल झालं आणि त्यांनी थेट माथ्यापर्यंत ट्रॉली नेली. रुळावरून चढणारा तो डबा, आत बसायला गाद्या. त्याला धाप लागत नाही, तो चहासाठी थांबत नाही. लोक हॉटेलात उतरतात, तिथंच खातात, ट्रॉलीनं वर जाऊन गुहा बघतात, ट्रॉलीनं खाली येतात, हॉटेलच्याच दुकानातून टोप्या आणि खेळणी घेतात आणि गाडीत बसून निघून जातात. हॉटेलचं दूध शहरातून पिशव्यांत येतं, भाजी ट्रकनं येते, चादरीसुद्धा धुवायला शहरात जातात. या अंगाला एक गाव आहे हे त्यांच्यापैकी कुणाच्या गावीही नसतं.

आधी टोपीवाला गेला, मग चपला शिवणारा. चहाच्या टपऱ्या मिटल्या तशी दूधवालीनं म्हशी विकल्या, एकच ठेवली. शेवटी किराणावाल्यानं दुकानाला कुलूप लावलं तेव्हा लोकांना नवल वाटलं, कारण पाहुणे त्याच्याकडून कधी काडेपेटीही घेत नसत. तो सामान गाडीत चढवता चढवता पुढाऱ्याला समजावून गेला होता की बाबा, ते मला देत नव्हते हे खरं, पण ते तुला द्यायचे आणि तू मला द्यायचास. पुढाऱ्याला हे तेव्हा पटलं नव्हतं. आता मीठ संपलं की दीड तास चालत जावं लागे, तेव्हा वाटेत ते थोडं थोडं पटायचं.

पण हे सगळं त्यानं सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते घर. त्याची बायको पायऱ्यांच्या निम्म्यावर, टप्प्यावरच्या सावलीत, लिंबू सरबत विकायची. पाण्याचे हंडे खालून वर न्यायचे, दिवसातून कितीदा तरी. त्यात तिचे गुडघे गेले. पायऱ्या ओस पडल्यावर सरबत कुणाला पाजणार? हिवाळ्यात ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. राहायला तिथंच खोली, रजा मिळेल तेव्हा घरी. सुरुवातीला ती डोंगर चढून-उतरून आली, पण परत जाताना कठड्याला धरून धरून गेली, आणि मग धाकट्याकडून निरोप आला की गुडघे साथ देत नाहीत, आता काही दिवस येणं होणार नाही. नोकरमाणसांना ट्रॉलीत बसायची परवानगी नव्हती.

निघताना ती दाराशी थांबून म्हणाली होती, "इकडं डोली सुरू झाली की कळवा. कळवाल त्या दिवशी निघून येईन, मागचापुढचा विचार करणार नाही."

त्या एका वाक्यावर पुढाऱ्यानं हिवाळा काढला, निम्मा उन्हाळाही काढला. डोली सुरू झाली पाहिजे. ती एकदा सुरू झाली की ही घरी येणार, इतका साधा त्याचा हिशेब होता.

एकट्याचा स्वयंपाक त्याला जमत नव्हता. जमत नव्हता म्हणजे, करता येत होता, पण भात दोघांचाच व्हायचा. हाताला सवय. उरलेला भात दुसऱ्या दिवशी खायचा, त्यात पुन्हा नवा उरायचा. घरात बोलायला कुणी नाही म्हणून तो भांड्यांशी बोलू लागला होता. झाकण सापडलं नाही की त्याला शिव्या घालायचा, सापडलं की कुठं होतास म्हणून विचारायचा. संध्याकाळच्या वेळी जीव अगदी नकोसा होई. आळीत त्याचं आणि दूधवालीचं अशी दोनच दारं उघडी राहिली होती, आणि दूधवालीला कमी ऐकू यायचं.

धाकटाही ट्रॉलीवर लागला होता. डबा भरला की बटण दाबायचं, एवढंच काम. अंगावर निळा शर्ट, खिशावर बिल्ला. तो बायकोमुलांसकट तिकडच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला तेव्हा पुढाऱ्यानं त्याला अडवलं नाही. फक्त डोली आपल्याकडे ठेवून घेतली. बाकीच्यांच्या डोल्यांचे दांडे कधीच कामाला लागले होते, कुणी त्यांच्यावर कपडे वाळत घालत होतं, कुणी गोठ्याला टेकू दिला होता. पुढाऱ्याच्या खांद्यावर गळ्याशेजारी एक जाड घट्टा होता. ओझं नाही म्हणून तो मऊ पडायला लागला, त्याची सालं निघायला लागली. तेव्हा पुढाऱ्यानं काय करावं? दांड्याच्या दोन्ही टोकांना पाण्याचे डबे बांधून रोज सकाळी तो गावच्या मोकळ्या रस्त्यावरून फेऱ्या मारू लागला. खांदा जिवंत राहिला पाहिजे. दूधवाली हसून म्हणायची, पाण्याला कुठं फिरवून आणलंत? तो म्हणायचा, जरा हवापालट. ती काय म्हणालात म्हणून कानाला हात लावायची आणि तो पुन्हा सांगायच्या भानगडीत पडायचा नाही.

त्या दिवशी दुपारी तो भात टाकून बसला होता, तोच वरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी धावत उतरताना दिसलं. निळा शर्ट दिसला आणि तो उठून पायऱ्यांशी गेला. बायकोचं काही बरंवाईट तर नाही? पण धाकट्याच्या तोंडावर भीती नव्हती. त्यानं धापा टाकत सांगितलं की ट्रॉली बंद पडलीय. मशीनमध्ये बिघाड आहे, शहरातून माणूस यायचाय. वर माथ्यावर माणसं अडकून पडलीत, उन्हानं कावलीत. त्यात एका म्हातारबाईंना चक्कर येतेय, त्यांना काही करून पलीकडं खाली, हॉटेलात न्यायचंय.

"दादा, मॅनेजरनं स्वतः विचारलं," धाकटा म्हणाला. "डोली आहे का म्हणून."

पुढाऱ्यानं चुलीवरचा भात तसाच उतरवून ठेवला. दांडा उचलायच्या आधी तो उगाच दोर पुन्हा पुन्हा तपासत बसला.

रिकामी डोली घेऊन दोघं चढले. टप्प्यावर त्याच्या बायकोचा दगडी ओटा होता, त्यावर पाला साचला होता. पुढाऱ्यानं चालता चालता पायानं थोडा पाला बाजूला केला. धाकट्याला धाप लागली होती. पूर्वी तो या चढणीवर गाणी म्हणत यायचा.

माथ्यावर ही गर्दी. सावलीच्या तुकड्या तुकड्यासाठी भांडणं चाललेली. डोली दिसली तशी लोक बाजूला झाले, मोबाइल वर झाले. एकानं विचारलं, हे रोज असतं का? दुसरीनं विचारलं, उद्या आमच्या सासऱ्यांना आणायचंय, तुम्ही मिळाल का? पुढारी म्हणाला, मिळू की. हे दोन शब्द म्हणताना त्याला इतका आनंद झाला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आज हिला घेऊनच जायचं, त्यानं मनाशी ठरवलं. पलीकडं उतरायचंच आहे. म्हातारबाईंना सोडायचं आणि येताना हिला खुर्चीत बसवून वर आणायचं. गुडघ्यांचा प्रश्नच नको. नवऱ्याच्या डोलीत बसायला लाजेल, पण बसेल.

म्हातारबाई किडकिडीत होत्या, डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांना खुर्चीत नीट बसवून, कमरेला कापडाचा पट्टा बांधून दोघांनी दांडा खांद्यावर घेतला. तेवढ्यात त्यांचा मुलगा पुढे आला. त्याला लहान मुलांना घेऊन वरच थांबायचं होतं. त्यानं खिशातून नोटा काढून पुढाऱ्यापुढं धरल्या आणि म्हणाला, "हे आत्ताच ठेवा काका. खाली हॉटेलात रोख चालत नाही."

आता डोलीवाल्यांची एक रीत होती. माणूस डोलीत असताना त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसा खिशात पडला की पाय घाई करतात आणि घाईत पाय चुकतो, असं जुने लोक मानत. माणूस खाली उतरला, त्यानं पाणी प्यायलं, की मग हात पुढं करायचा. आजवर ही रीत कुणी मोडली नव्हती आणि तिच्यापायी कुणाचे पैसेही बुडाले नव्हते, कारण खाली म्हणजे गावातच उतरायचं, डोलीवाल्याच्याच दाराशी. पुढारी हसला. "खाली गेल्यावर," तो म्हणाला आणि चालू लागला. मागून धाकटा हळूच म्हणाला, दादा, घे. पुढाऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पलीकडची उतरण त्यानं कधी बघितली नव्हती. मशीनवाल्या लोकांसाठी केलेला सिमेंटचा अरुंद जिना, रुळांना लागून गेलेला, सरळसोट. पायरी कुठं हातभर, कुठं वीतभर. पुढारी वाट सांगत होता आणि मागून हुंकार येत होता, पण उशिरा येत होता. धाकट्याचं पाऊल आता तालात पडत नव्हतं. खुर्ची हेलकावे खाऊ लागली.

"खांदा सोलला," धाकटा म्हणाला.

"शर्ट काढून घडी कर आणि ठेव दांड्याखाली."

"शर्ट कंपनीचा आहे."

पुढाऱ्यानं आपलं उपरणं मागं फेकलं. मग चालता चालता, तोंड पुढंच ठेवून, त्यानं विचारलं की तुझी वहिनी कशी आहे. धाकटा म्हणाला की बरी आहे, चांगली आहे. हंगामात बाया वाढवल्यात, त्यामुळं वहिनीला भाजी चिरायच्या कामावर घेतलंय. खुर्चीवर बसून करायचं काम. महिन्यातून एकदा डॉक्टर येतो, त्यानं गुडघ्यांना मलम दिलंय. आता ती गुडघ्यांना पट्टे बांधत नाही. परवा तर बायांबरोबर बागेत फिरायला आली होती. पुढाऱ्याला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण पुढची पायरी त्यानं दोनदा सांगितली. तो म्हणाला, आज तिला घेऊन जाणार आहे मी. मागून हुंकार आला नाही.

निम्म्यावर आले असतील नसतील, तोच रूळ खडखडू लागले. ट्रॉली सुरू झाली होती. वरून डबा येताना दिसला, माणसांनी खच्चून भरलेला. दोघं भिंतीला अंग लावून उभे राहिले, दांडा खांद्यावर तसाच. डबा अगदी हाताच्या अंतरावरून गेला. आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. उद्या सासऱ्यांना आणणारी बाईही त्यात होती, तिनं पोराला डोली दाखवली. म्हातारबाईंचा मुलगा काचेला हात लावून आईला काहीतरी सांगत होता, ते ऐकू आलं नाही. डबा खाली लहान लहान होत गेला. आता मध्येच कुठं म्हातारबाईंना उतरवणार? पुढाऱ्यानं घसा खाकरला आणि पुढची पायरी सांगितली.

त्या बाई आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "सावकाश चला हो. मला काही घाई नाही." त्यांचा आवाज मागून, कानाजवळून आला, आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी आपल्याशी असं जवळून बोललं म्हणून पुढाऱ्याला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

खाली मोठ्या दारापाशी पहारेकऱ्यानं डोली अडवली. सामानाच्या फाटकानं आणा म्हणाला. मागच्या बाजूला, जिथं भाजीचे ट्रक लागतात तिथं, त्यांनी खुर्ची टेकवली. चाकाची खुर्ची घेऊन दोघीजणी धावत आल्या आणि म्हातारबाईंना घेऊन गेल्या. बाईंनी वळून हात जोडले. पाणी प्यायलं की नाही, ते काही कळलं नाही. दोघं भाऊ भिंतीशी उभे राहिले. म्हातारबाईंचा मुलगा पैसे घेऊन आला नाही, पलीकडं पाहुण्यांची बस सुटल्याचा आवाज आला आणि धाकट्यानं मान खाली घातली.

मॅनेजर आला. तरणाताठा होता, घामाघूम झालेला, दुपारभर लोकांच्या शिव्या खाल्लेला. वाईट माणूस नव्हता. त्यानं पुढाऱ्याचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. डोलीचे पैसे पाहुण्यांच्या बिलात लावलेत, त्यांनी दिलेतही, पण ते कंपनीच्या खात्यात जातात, बाहेरच्या माणसाला कसे द्यायचे ते वर विचारावं लागेल, असं त्यानं सांगितलं. मग खिशातून जेवणाचं कुपन काढून दिलं. "काका, तोवर पोटभर जेवून घ्या," तो म्हणाला. धाकट्याला त्यानं लगेच बटणावर जायला सांगितलं, लोक खोळंबलेत. धाकट्यानं उपरणं परत दिलं. त्यावर थोडं रक्त होतं. तो काहीतरी बोलणार होता, पण म्हणाला इतकंच की डोली इथं भिंतीला राहू दे, कुणी हात लावणार नाही.

पुढारी कुपन घेऊन ड्रायव्हर लोकांच्या जेवणाच्या हॉलमध्ये गेला. वाढणाऱ्याला त्यानं बायकोबद्दल विचारलं, तर तो म्हणाला की जेवणाच्या वेळेत आतल्या बायांना बाहेर येता येत नाही, पण उष्टी ताटं ठेवायच्या खिडकीशी कधी कधी असतात. पुढारी एका टोकाला बसला. भाजीत बटाट्याचे मोठमोठे तुकडे होते, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. त्यानं एक तुकडा तोंडात घातला आणि त्याला पुढचा घास गिळवेना. असे तिरके तुकडे जगात एकच बाई करते. लग्न झाल्यापासून तो यावरून तिला चिडवत आला होता. हॉल माणसांनी भरला होता, सगळे मोठमोठ्यानं बोलत होते. तो खाली मान घालून सगळं जेवला, एक शीतही टाकलं नाही.

खिडकी भिंतीत खाली होती, पलीकडच्याचा चेहरा दिसायला वाकावं लागे. तो ताट घेऊन रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तो वाकला. ती आत खुर्चीवर बसली होती, चिरायची पाटी बाजूला सारून ताटं घ्यायला आलेली. त्याला बघून ती उठली. भिंतीला, टेबलाला, कशालाही न धरता उठली. ते त्यानं पाहिलं.

"अहो, तुम्ही? इथं कसे?"

"डोली घेऊन आलो. बाईंना उतरवलं."

तिचा चेहरा असा उजळला की त्याच्यानं बघवेना. "म्हणजे सुरू झालं?" ती म्हणाली. हात पुसत पुसत तिनं मागं वळून बघितलं, कुणाला विचारावं ते शोधायला. "मग येते मी. आजच सांगते आत."

त्याला ती हवी होती. घरी हवी होती, आज हवी होती, त्या दोघांच्या भातासकट. हो म्हटलं असतं तर ती खरंच निघाली असती, मागचापुढचा विचार न करता, त्या गुडघ्यांवर.

"नको," तो म्हणाला. "एकच फेरी होती. ट्रॉली सुरू झाली पुन्हा."

"होईल मग पुढं कधी."

"नाही होणार. तू राहा इथं."

तिनं पुसलेले हात पुन्हा पदराला पुसले. मग तिनं विचारलं, "जेवता का नीट?"

"जेवतो."

मागचा ड्रायव्हर घाई करू लागला. पुढाऱ्यानं ताट आत सरकवलं, तिनं ते घेतलं आणि दोघांचे हात क्षणभर त्या ताटावर राहिले. मग तो बाजूला झाला. मागच्यानं आपलं ताट सरकवलं. तेही तिनं घेतलं.